सातपुड्याच्या पायथ्याशी बंदिस्त वराहपालन : चोपडा तालुक्यातील एका प्रस्तावाचा अभ्यास

प्रस्ताव आणि ग्रामसभा

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी वसलेल्या एका गावातील तरुण शेतकऱ्याने 100 माद्या आणि 10 नर यांचा बंदिस्त वराहपालन प्रकल्प उभारण्याचे ठरवले. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या 2021 मध्ये सुधारलेल्या योजनेत एवढ्या आकाराच्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या निम्मे, जास्तीत जास्त 30 लाख रुपये अनुदान मिळते. त्याची चार एकर केळी करपा आणि सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या रोगांच्या तावडीतून सुटली की भावाच्या तावडीत सापडत होती. त्यामुळे महिन्याला नियमित पैसा देणारा जोडधंदा शोधण्यात त्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही. प्रकल्प अहवाल तयार झाला, बँकेने तत्त्वतः होकार दिला आणि ना हरकत दाखल्याचा विषय ग्रामसभेपुढे आला.

ग्रामसभेत दोन बाजू पडल्या. डुक्कर हे घाणेरडे जनावर आहे, गावाच्या शिवारात ते नको, देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर तर नकोच, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसरी बाजू अनुदान, रोजगार आणि परदेशातील मोठमोठ्या वराहगृहांची छायाचित्रे दाखवत होती. दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या, पण दोन्हींचे बोलणे डुकराविषयी होते. शेड कोणत्या जमिनीवर उभे राहणार, मलमूत्र कुठे साठणार आणि गाभण मादीला किती जागा मिळणार हे सांगणारा नकाशा अहवालाच्या शेवटी जोडलेला होता. तो कोणी उघडलाच नाही. निर्णय पुढे ढकलला गेला. ग्रामपंचायतीने अहवाल तपासून देण्याचे काम माझ्याकडे दिले आणि त्या तपासणीतून हे टिपण तयार झाले.

डुक्कर घाणेरडे असते हा समज आधी बाजूला ठेवावा लागतो, कारण पुढचे सारे विवेचन त्यावर अवलंबून आहे. पुरेशी जागा मिळाली तर डुक्कर झोपण्याची, खाण्याची आणि शेण टाकण्याची जागा वेगवेगळी ठेवते. त्याच्या अंगावर घाम आणणाऱ्या ग्रंथी जवळपास निकामी असतात, म्हणून उन्हाळ्यात अंग थंड करण्यासाठी ते चिखलात लोळते. उकिरड्यावर फिरणारे डुक्कर आपण पाहतो ते आपण त्याला दुसरे काही खायला ठेवले नाही म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळून पोट भरणाऱ्या समाजांना गावाने ज्या नजरेने पाहिले, तीच नजर ग्रामसभेतल्या विरोधातही डोकावत होती, हे नमूद केले पाहिजे. अशा विरोधाने प्रकल्प कदाचित थांबला असता. पण तो ज्या कारणासाठी थांबवायला हवा होता ते कारण मात्र कोणाला कळले नसते.

मलमूत्राचा हिशेब

मादीचा गर्भकाळ 114 दिवसांचा असतो आणि वर्षाला ती साधारण दोनदा विते. प्रत्येक वेताला आठ पिल्ले जगली असे धरले, तर 100 माद्यांपासून वर्षाला 1,600 पिल्ले होतात. विक्रीच्या वजनाला यायला त्यांना सहा महिने लागतात, म्हणून कोणत्याही दिवशी शेडमध्ये लहानमोठी 800 पिल्ले आणि वर 110 मोठी जनावरे असणार. एवढ्या कळपाचे ताजे मलमूत्र दिवसाला तीन ते चार टन भरते. शेड धुतल्याचे पाणी त्यात धरलेले नाही. या मलमूत्रातून वर्षाला 9 टनांच्या आसपास नत्र बाहेर पडते.

अहवालात पाण्याच्या वापरावर दोन पाने खर्च केली होती, कारण खानदेशात पाण्याचा प्रश्न विचारला जाणारच असे सल्लागाराने धरले असावे. वस्तुतः पिण्याच्या पाण्यापुरता हा प्रकल्प फार तहानलेला नाही. सगळ्या कळपाला दिवसाला सहा-सात हजार लिटर पाणी लागेल. मे महिन्यात एक एकर केळीला ठिबकने दिवसाला 30 हजार लिटरच्या आसपास पाणी द्यावे लागते. खरी अडचण जाणाऱ्या पाण्याची आहे, येणाऱ्या पाण्याची नाही. या भागासाठी मी तीच सर्वांत गंभीर मानतो.

सातपुड्याच्या पायथ्याला लागून यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांतून दगडगोटे आणि वाळूच्या जाड थरांचा एक पट्टा जातो. भूजलशास्त्रात त्याला बजाडा म्हणतात. डोंगरावरून उतरणारे नाले या पट्ट्यात शिरले की पाणी झपाट्याने जमिनीत मुरते आणि खाली तापीकाठच्या गाळाच्या जमिनीतील विहिरी व कूपनलिकांपर्यंत पोहोचते. केळीच्या उपशाने खोल गेलेली भूजलपातळी वर आणण्यासाठी आखलेली तापी मेगा रिचार्ज योजना याच पट्ट्याच्या मुरण्याच्या क्षमतेवर उभी आहे. तिच्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे 2025 मध्ये सामंजस्य करारही झाला. जी जमीन पाणी भरभर पिते, ती मलमूत्रही तितक्याच भरभर पिते. नकाशावर दाखवलेला मलमूत्राचा उघडा, मातीचा, अस्तर नसलेला तलाव नेमका या पट्ट्यावर, नाल्यापासून हाकेच्या अंतरावर होता. नाल्याच्या खालच्या अंगाला पावरा आदिवासी कुटुंबांचा एक पाडा आहे आणि त्या पाड्याचे पिण्याचे पाणी हातपंपाचे आहे.

मलमूत्रातील नत्राचे जमिनीत नायट्रेट होते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही आणि पाणी उकळले तरी ते जात नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. मर्यादेपलीकडचे पाणी लहान बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते. गावाने ज्याची धास्ती घेतली ती दुर्गंधी निदान नाकाला कळते. हातपंपातून येणारे नायट्रेट पाणी तपासल्याशिवाय कळत नाही आणि एकदा भूजलात उतरले की ते बाहेर काढण्याचा स्वस्त उपाय नाही.

अर्जदाराचे उत्तर असे होते की केळी हे खादाड पीक आहे, सगळे नत्र ती खाऊन टाकेल. हा युक्तिवाद मी गांभीर्याने तपासला, कारण त्यात तथ्य आहे. केळीला झाडामागे 200 ग्रॅम नत्राची शिफारस आहे. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी 4,444 झाडे बसतात, म्हणजे हेक्टरी 889 किलो नत्र लागते. त्या हिशेबाने 9 टन नत्र जिरवायला कागदावर 10 हेक्टर केळी पुरते. पण अर्जदाराची जमीन चार एकर, म्हणजे दीड हेक्टरच्या थोडी वर आहे. शेजाऱ्यांची सारी केळी ठिबकवर आहे आणि विद्राव्य खते ठिबकमधूनच दिली जातात. मलमूत्राचे पाणी ठिबकच्या नळीत सोडले तर दोन दिवसांत छिद्रे बंद होतील हे कोणताही केळी उत्पादक सांगेल. शिवाय पावसाळ्यात जमीन वाफशावर नसते, शेतात टँकर जात नाही, आणि तलाव मात्र रोज भरत राहतो. युरोपीय संघाने भूजल जपण्यासाठी असुरक्षित क्षेत्रांत जनावरांच्या खतातून हेक्टरी 170 किलोपेक्षा जास्त नत्र देण्यास मनाई केली आहे. तो निकष लावला तर या एका प्रकल्पाला 50 हेक्टरांहून अधिक जमीन लागते. आपल्याकडचे पीक वेगळे, हवामान वेगळे, म्हणून तो आकडा जसाच्या तसा लावावा असे माझे म्हणणे नाही. पण दीड हेक्टर आणि 50 हेक्टर यांमधले अंतर केळीच्या भुकेने भरून निघत नाही.

उघड्या तलावांचे काय होते याचा सर्वांत मोठा धडा अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने घेतला आहे. जून 1995 मध्ये तेथील ऑन्स्लो परगण्यात एका वराहगृहाच्या तलावाचा बांध फुटून अडीच कोटी गॅलन मलमूत्र न्यू नदीत गेले आणि मासे मोठ्या प्रमाणावर मेले. 1997 मध्ये राज्याने नव्या तलावांवर स्थगिती आणली आणि 2007 मध्ये ती कायम केली. जुने तलाव मात्र राहिले; 2018 च्या फ्लॉरेन्स चक्रीवादळात त्यांतले कित्येक ओसंडून वाहिले. ही वराहगृहे जिथे दाटीने उभी राहिली तिथे गरीब आणि कृष्णवर्णीय वस्ती जास्त होती. चोपड्यातल्या नकाशावर नाल्याखाली पाडा पाहिल्यावर मला ती गोष्ट आठवली, कारण घाणीचा उतार नेहमी ज्यांचे ग्रामसभेत ऐकले जात नाही त्यांच्याकडेच असतो.

हवेचा मुद्दा थोडक्यात सांगतो. साठलेल्या मलमूत्रातून अमोनिया, मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड निघतात. अमोनियाने डुकरांची आणि मजुरांची फुप्फुसे खराब होतात. मलमूत्र खाली पडावे म्हणून ठेवलेल्या फटींच्या फरशीखालच्या खड्ड्यात ते ढवळताना एकदम सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने जगभर माणसे मेली आहेत; एक बेशुद्ध पडला की त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. अहवालात त्या खड्ड्यात उतरण्याविषयी एकही सूचना नव्हती.

गाभण मादीची जागा

मला व्यक्तिशः जे सर्वांत जास्त लागले ते अहवालाच्या यंत्रसामग्रीच्या यादीत एका ओळीत होते : लोखंडी नळ्यांचे पिंजरे, दोन फूट बाय सात फूट. गाभण मादी या पिंजऱ्यात उभी राहू शकते आणि बसू शकते, पण मागे वळू शकत नाही. विण्याआधी तिला तशाच दुसऱ्या पिंजऱ्यात हलवतात, पिल्ले दूध तोडून वेगळी केली की पुन्हा माजावर आणतात, आणि पुन्हा पहिल्या पिंजऱ्यात. तिचे पैदाशीचे सारे आयुष्य असे जाते.

असे पिंजरे वापरणारे एक वराहगृह मी राज्यात दुसरीकडे पाहिले आहे. तिथल्या नळ्यांचा रंग सगळीकडे शाबूत होता, फक्त मादीच्या तोंडाच्या उंचीवरची आडवी नळी चावून चावून चकचकीत झाली होती. रांगेतल्या बऱ्याच माद्या तोंडात काही नसताना चघळत होत्या आणि त्यांच्या ओठांवर फेस होता. एक मादी त्या रात्री विणार होती. मोकळ्यावर असती तर तिने विण्याच्या आदल्या दिवशी पाय आणि नाकाड वापरून खड्डा उकरला असता, गवत-काटक्या तोंडाने आणून घरटे रचले असते. ही प्रेरणा तिच्या शरीरातील संप्रेरके जागवतात, ती शेकडो पिढ्यांच्या पाळीवपणाने गेलेली नाही. ती मादी पुढच्या पायाने सिमेंट उकरत होती. तिथला कामगार चांगला माणूस होता. त्याने तिच्यापुढे पोत्याचा एक तुकडा टाकला, तिने तो तोंडात धरून खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला, आणि हे बराच वेळ चालले.

पिंजऱ्याच्या समर्थनात पिल्ले चिरडली जाण्याचे कारण दिले जाते. विण्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांपुरते त्या कारणात वजन आहे, पण गाभणपणाच्या साडेतीन महिन्यांना ते लागू होत नाही. तिथे पिंजरा केवळ जागा आणि मजुरी वाचवतो. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2013 पासून, पहिल्या चार आठवड्यांचा अपवाद ठेवून, गाभण माद्यांना असे कोंडण्यास बंदी केली. ब्रिटनने ती 1999 मध्येच केली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 2018 मध्ये मादीमागे किमान 24 चौरस फूट जागेचा कायदा केला आणि मे 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो टिकवला. आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम 11 हालचालीला वाजवी वाव न देणाऱ्या पिंजऱ्यात कोणताही प्राणी ठेवणे गुन्हा ठरवते. दुसऱ्या देशांनी टाकून दिलेले सामान आपल्या अनुदानातून विकत घ्यावे हे मला पटत नाही.

यात खानदेशाच्या उन्हाळ्याची भर पडते. अहवालात लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि लँडरेस या जाती सुचवल्या होत्या. दोन्ही थंड प्रदेशातल्या. दूध पाजणाऱ्या मादीला 20 अंशांच्या आसपासचे तापमान मानवते; 25 च्या वर तिचे खाणे कमी होऊ लागते आणि दूध घटते. नवजात पिल्लांना मात्र पहिले काही दिवस 32 ते 34 अंशांची ऊब लागते, त्यामुळे एकाच जागेत दोघांना सांभाळणे थंड देशातही कठीण असते. इथे मे महिन्यात पारा 44-45 अंशांना सहज जातो, शेडचे छत पत्र्याचे असते आणि ऐन दुपारी वीज जाते. पंखे आणि फवारे बंद पडल्यावर मोकळ्या मादीला सावलीतली ओली जागा तरी शोधता येते, पिंजऱ्यातल्या मादीला तीही येत नाही. अहवालात जनित्राचा खर्च दाखवला होता, पण त्याची क्षमता पाण्याच्या पंपापुरतीच होती.

पिल्लांची शेपटी कापणे, दात खुडणे आणि भूल न देता खच्चीकरण करणे हे ‘नियमित व्यवस्थापन’ या मथळ्याखाली आले होते. डुकरे एकमेकांची शेपटी चावतात ती गर्दीत, उघड्या फरशीवर, नाकाडाने उकरायला काही नसल्यामुळे. जागा आणि पेंढा दिला तर हे चावणे पुष्कळ कमी होते.

रोग आणि त्याची किंमत

दाटीच्या पशुपालनात रोग कसा पसरतो हे खानदेशाला बाहेरून शिकवावे लागत नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबडीपालन केंद्रांत सापडला, पाठोपाठ जळगाव जिल्ह्यातील परसातल्या कोंबड्यांतही आला आणि लाखो पक्षी मारून पुरावे लागले. 2021 मध्ये नवापूरने तेच पुन्हा भोगले. डुकरांच्या बाबतीत आफ्रिकन स्वाइन फीव्हर 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात शिरला. तो माणसाला होत नाही, पण डुकरांत त्यावर उपचार नाही आणि मरण्याचे प्रमाण प्रचंड आहे. एका जनावराला लागण झाली तर सगळा कळप नष्ट करावा लागेल. 900 जनावरे कुठे पुरणार, हा प्रश्न बजाडा पट्ट्यावर पुन्हा पाण्याशीच येऊन ठेपतो. अहवालात पुरण्याची जागा नव्हती.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की उकिरड्यावर मोकाट फिरणारी डुकरेही निरोगी नसतात. माणसाची विष्ठा खाल्ल्याने त्यांच्यात फीतकृमीच्या अळ्या शिरतात आणि त्या कृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन झटके येतात. बंदिस्त पालनाने हे चक्र तुटते आणि तेवढा त्याचा लाभ खरा आहे. पण दाटीत आजार थोपवण्यासाठी खाद्यातून प्रतिजैविके देण्याची सवय लागते आणि त्या औषधांना न जुमानणारे जिवाणू शेडबाहेर येतात. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेले औषध. त्याला दाद न देणारे, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सरकणारे जनुक चीनमध्ये डुकरांतही आढळल्याचे 2015 मध्ये जाहीर झाले, आणि भारताने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. तपासलेल्या अहवालात औषधांच्या खर्चाची तरतूद होती, पशुवैद्यकाच्या चिठ्ठीची नव्हती.

परवानग्यांची बाजू अहवालात सर्वांत लहान होती. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पशुपालन येत नाही, त्यामुळे जनसुनावणी नाही. 1974 चा जल प्रदूषण कायदा मात्र सांडपाणी सोडणाऱ्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यायला लावतो. व्यवहारात पहिली आणि बहुधा शेवटची खरी चाळणी ग्रामसभाच ठरते.

पुढे काय झाले

माझा अहवाल वाचल्यावर अर्जदार रागावला, मग नकाशा घेऊन आला. दोन-तीन बैठकांत त्याने जे बदल मान्य केले ते असे की माद्यांची संख्या 30 वर आणायची, पिंजरे काढून माद्या गटात मोकळ्या ठेवायच्या, विण्यासाठी वळता येईल एवढे पेंढ्याचे खण करायचे आणि पाण्याने धुवायची फरशी सोडून जाड गादीची पद्धत, म्हणजे जमिनीवर काडीकचऱ्याचा जाड थर अंथरण्याची पद्धत घ्यायची. गादीला लागणारा काडीकचरा या भागात मुबलक आहे. कपाशीची पऱ्हाटी बारीक करून, मक्याची धाटे आणि केळीची वाळलेली पाने त्यात मिसळून घालता येतात. आज त्यातले बरेचसे बांधावर जाळले जाते. गादीत मुरलेले मलमूत्र घट्ट खत म्हणून निघते, ते ट्रॉलीत भरून शेजाऱ्यांना विकता येते आणि ठिबकची नळी तुंबण्याचा प्रश्न उरत नाही. शेड नाल्यापासून दूर, गावाच्या दक्षिणेकडच्या चिकणमातीच्या जमिनीत हलवायचे ठरले. खताच्या ढिगाखाली पक्का ओटा आणि वर छप्पर हवे, ही अट ग्रामसभेने ठरावात घातली. पाड्यावरच्या हातपंपाचे पाणी प्रकल्पाआधी आणि नंतर दर सहा महिन्यांनी तपासायची अट पाड्यावरच्या बायकांनी मांडली, आणि माझ्या मते तो या ठरावातील सर्वांत मोलाचा भाग आहे.

या बदलांनी अनुदानाचे गणित बिघडले. ज्या आकारासाठी 30 लाखांची मर्यादा होती तो आकार उरला नाही, आणि बँकेचे अधिकारी आता नवा अहवाल मागत आहेत. मोठ्या कळपाला जास्त मदत देणारी योजना शेतकऱ्याला त्याच्या जमिनीला न झेपणाऱ्या आकाराकडे ढकलते. कळपाची संख्या खत जिरवण्याच्या क्षेत्राशी बांधली तर हा दोष दूर होईल, असे मी पशुसंवर्धन विभागाला कळवले आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. गादी कुजताना स्वतःच उष्णता सोडते, म्हणून थंडीत वरदान ठरणारी ही पद्धत मे महिन्यात माद्यांना जाचक होऊ शकते. एप्रिलपासून गादीचा थर पातळ करणे, शेडचा निम्मा भाग उघडा सिमेंटचा ठेवणे, लोळण्यासाठी सावलीत उथळ हौद करणे आणि पत्र्यावर धाटांचे आच्छादन घालणे हे उपाय नव्या नकाशात घेतले आहेत. हौदाचे पाणी रोज बदलावे लागेल, आणि ते कोणत्या शेतात जाईल हे नकाशावर अजून दाखवलेले नाही. अर्जदाराला मी तेवढी एक रेघ ओढून आणायला सांगितले आहे.